चाकांच्या बदल्या

बँकेत होतो तेव्हा एप्रिल उजाडला की आमच्या घरात एक चमत्कारिक शांतता पसरायची. बदल्यांची यादी यायची असायची. एका शाखेत तीन वर्षं झाली की माणूस हलणार हे ठरलेलंच. प्रश्न एवढाच की कुठे. हिने गॅसच्या नंबरापासून मुलाच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळ्याची मनातल्या मनात उजळणी करून ठेवलेली असायची. शाखेच्या आतही तोच प्रकार. रोखपाल सहा महिन्यांनी क्लिअरिंगला, क्लिअरिंगचा माणूस कर्जविभागात, कर्जविभागातला बचत खात्यांच्या काउंटरवर. ‘माणूस कुठे हाताशी येतो तोच तुम्ही त्याला उचलता,’ असं मी एकदा आमच्या साहेबांना वैतागून म्हणालो होतो. ते म्हणाले, ‘एका टेबलावर फार दिवस बसला की माणसाच्या एकाच बाजूच्या कडा घासतात. शिवाय ऑडिटला आवडत नाही.’

हे वाक्य मला पुन्हा आठवलं ते २०२२ च्या जुलैत, कुंभार्ली घाटात, गाडीचं तोंड चिपळूणऐवजी कोयनानगरकडे वळलेलं असताना.

त्याचं असं झालं. आमची गाडी छोटी, २०१६ साली घेतलेली. निवृत्तीनंतर तिचा प्रवास म्हणजे साताऱ्यातल्या साताऱ्यात मंडई आणि वाचनालय, महिन्या-दोन महिन्यांनी मुलाकडे पुणे आणि वर्षातून एकदा हिच्या बहिणीकडे गुहागर. सहा वर्षांत अठ्ठावीस हजार किलोमीटर झाले होते आणि टायर कंपनीतून आले तेच होते. गुहागरला निघायच्या आदल्या दिवशी पंपावर हवा भरायला गेलो, तर हवा भरणारा पोरगा म्हणाला, ‘काका, पुढचे दोन्ही गेलेत तुमचे.’ वाकून पाहिलं. पुढच्या टायरांची नक्षी पुसट झालेली, मागच्यांची मात्र छान खोल. दोन नवे टायर म्हणजे सात-आठ हजारांचा खर्च, आणि मागे दोन बऱ्यापैकी टायर नुसते बसून! माझ्यातला बँकवाला जागा झाला. ओळखीच्या गॅरेजात गेलो आणि पुढचे मागे, मागचे पुढे करून घेतले. अर्ध्या तासात काम झालं. स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे, गाडी ओढणारी चाकंही पुढचीच. तेव्हा चांगला माल पुढे हवा, मागची चाकं काय, नुसती फरफटत येणार, असा माझा हिशेब. गॅरेजवाल्यालाही तो पटला. येताना मी वाचलेल्या पैशांतून अर्धा किलो कंदी पेढे घेतले.

पाटण सोडलं आणि पावसाने धरलं. मागच्या सीटवर ही आणि आमची आठ वर्षांची नात गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या. घाटात वेग पन्नासच्या आसपास असेल. त्या पावसाच्या मानाने जास्तच, हे आता कबूल करतो. एका डाव्या वळणावर डोंगराकडून आलेलं पाणी सबंध रस्ता ओलांडून दरीकडे चाललं होतं. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, ब्रेकला जरासा लावला. पुढची चाकं त्या पाण्यातून सरळ निघाली. मागची निघाली नाहीत. गाडीचा मागचा भाग कुणी हात धरून ओढावा तसा उजवीकडे सरकत गेला, समोरचा डोंगर काचेतून आडवा धावला, आणि गाडी थांबली तेव्हा आम्ही आलो त्या दिशेला बघत होतो. मागचा बंपर दरीच्या कठड्यापासून हातभर अंतरावर होता. त्या अर्ध्या मिनिटात खालून ट्रक आला नाही, एवढीच आमची पुण्याई.

ही काही बोलली नाही. नातीने विचारलं, ‘आजोबा, आपण परत का चाललोय?’

चिपळूणला पोचेपर्यंत मी गाडी बैलगाडीसारखी नेली. बाजारपेठेच्या तोंडाशी एक टायरचं दुकान दिसलं, तिथे थांबलो. आदल्या वर्षीच्या, म्हणजे २०२१ च्या जुलैतल्या महापुराची खूण त्याच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर होती. दुकानदार माझ्याच वयाचा. त्याने सगळी हकिगत ऐकून घेतली, गाडीकडे न बघता मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला, हात आत घातला आणि टायरच्या आतल्या कडेवरून फिरवला. मग माझा हात धरून तिथे ठेवला. बाहेरून दिसणाऱ्या भागावर थोडी तरी नक्षी होती. आतली कड टकलासारखी गुळगुळीत.

‘साहेब, टायर तुम्ही मागं टाकलात,’ तो म्हणाला, ‘पण त्याला खाणारा पुढंच बसलाय. आता तो चांगला टायर खाईल.’

मी म्हणालो, ‘पण चांगले पुढेच हवेत ना?’

‘ट्रकला. तुमच्याकडे ट्रक आहे काय?’

तासभर मी त्या दुकानात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलो होतो, आणि त्या तासात जे ऐकलं, नंतर घरी येऊन वाचून-विचारून पडताळलं, तेच इथे सांगतो आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात आता गाडी आहे. तिच्या रंगाला ओरखडा गेला तर आपल्याला रात्री झोप लागत नाही. पण जमिनीला टेकलेली तिची एकमेव वस्तू आपण पंपावरच्या पोराच्या भरवशावर सोडून देतो. धावत्या गाडीच्या एकेका टायरचा जमिनीला लागणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. चार तळहातांवर आपण अख्खं कुटुंब घाटातून खाली आणतो.

आधी झीज कुठे आणि का होते ते पाहू. आमच्या शाखेच्या दाराशी एक चप्पल शिवणारे मामा बसत. चप्पल उलटी करून टाच पाहिली की ते सांगत, ‘तुम्ही उजव्या पायावर जोर देता.’ टायरचंही तसंच वाचता येतं. हवा कायम कमी ठेवली की टायर मध्ये खचतो, दोन्ही कडांवर भार येतो आणि कडा झिजतात, मधला पट्टा शाबूत राहतो. हवा जास्त भरली की उलट: मधला पट्टा जातो, कडा राहतात. एकच कड झिजली असेल तर चाक उभं नाही, आत किंवा बाहेर कललेलं आहे. चाकं वरून पाहिली तर एकमेकांना समांतर हवीत; ती पाय आत वळवून किंवा फाकवून चालणाऱ्या माणसासारखी असली, तर टायर पुढे जाताना थोडा थोडा आडवा घासत राहतो. ही झीज डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते. तळहात टायरवरून एका दिशेने फिरवला तर मऊ लागतं, उलट फिरवला तर करवतीच्या दात्यांसारखं टोचतं. टायरभर वाटीवाटीसारखे खोलगट डाग पडले असतील तर शॉकअप गेलेले असण्याचा संभव असतो, नाहीतर बॅलन्सिंग बिघडलेलं. चाक रस्त्यावरून गुळगुळीत न फिरता उड्या मारत चाललेलं असतं. आणि एकाच जागी सपाट चट्टा असेल तर ती कधीतरी करकचून दाबलेल्या ब्रेकची आठवण.

याशिवाय काहीही न बिघडता होणारी झीज असतेच. आजकालच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात, इंजिनाचं वजन पेलतात, आणि ब्रेक दाबला की सगळा भार पुढे येत असल्याने थांबवण्याचं कामही मुख्यतः तीच करतात. घरात एक माणूस असतो तसं. मागची चाकं पाहुण्यांसारखी येतात आणि जातात. म्हणून पुढचे टायर मागच्यांच्या कितीतरी आधी संपतात. शिवाय आपण डावीकडून चालणारे लोक. रस्त्याचा उतार डावीकडे, साईडपट्टीची खडी डावीकडे, चौकाचौकातल्या गोलाकार बेटाला वळसा घालताना भारही डाव्या चाकांवर. चार टायर एकाच दिवशी एकाच कारखान्यातून आले तरी पाच-सहा हजार किलोमीटरनंतर ते चार वेगळ्या प्रकृतीची माणसं होऊन बसतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे चाकांच्या जागा ठरावीक अंतराने बदलणं. इंग्रजीत त्याला रोटेशन म्हणतात. आमच्या घरात आता त्याला बदल्या म्हणतात.

बदलीचा क्रम गाडी कुठल्या चाकांवर चालते त्यावर ठरतो. पुढची चाकं ओढणारी असतील तर पुढची दोन सरळ मागे आपापल्या बाजूला जातात, आणि मागची दोन पुढे येताना बाजू बदलतात: मागचं डावं पुढे उजवीकडे, मागचं उजवं पुढे डावीकडे. मागची चाकं ढकलणारी असतील तर उलट: मागची सरळ पुढे, पुढची मागे जाताना बाजू बदलतात. कागदावर चार चौकोन काढून पाहा. अशा चार बदल्यांत प्रत्येक टायर चारही जागी नोकरी करून मूळ जागी येतो. बाजू बदलल्याने टायर उलट्या दिशेने फिरू लागतो आणि ते करवतीचे दाते दुसऱ्या अंगाने घासून जरा बसतात. काही टायरांच्या बाजूवर बाण छापलेला असतो. त्यांना एकाच दिशेने फिरायचं असतं, पाणी बाहेर फेकणारी त्यांची नक्षी तशी कोरलेली असते. असे टायर त्याच बाजूला पुढे-मागे करायचे, बाजू बदलायची नाही. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाचे टायर असलेल्या गाड्याही असतात. त्यांच्या मालकांनी गाडीचं पुस्तक उघडून पाहिलेलं बरं.

इथे एक गमतीची गोष्ट. आमच्या गॅरेजवाल्याने मला ठामपणे सांगितलं होतं की रेडियलची बाजू कधीही बदलायची नाही, सरळ पुढे-मागे करायचं. असं सांगणारे जुने मेस्त्री अजूनही खूप आहेत आणि ते मनाने सांगत नाहीत. मिशेलिनने १९४६ साली रेडियलचं पेटंट घेतलं आणि हे टायर जगभर पसरले, तेव्हा सुरुवातीच्या काळात सल्ला तसाच होता. टायर सुधारले, सल्ला बदलला. मेस्त्रीकडून मेस्त्रीकडे गेलेली गोष्ट तेवढी तशीच राहिली. बँकेतही एखादं परिपत्रक रद्द होऊन दहा वर्षं झाली तरी काउंटरवर त्याच्याच आधारे पासबुक परत केलं जायचं.

‘नवा टायर पुढे’ हीसुद्धा अशीच एक ऐकीव गोष्ट. ट्रकच्या आणि एस.टी.च्या मागे जोडचाकं असतात. एक फुटलं तरी शेजारचं सावरतं. पुढे मात्र प्रत्येक बाजूला एकच, आणि ते फुटलं तर स्टिअरिंग हातातून जातं. म्हणून नवा टायर पुढे आणि रिमोल्ड केलेला मागे, ही त्यांची रीत योग्यच आहे. एस.टी.चे तर रिमोल्डिंगचे स्वतःचे कारखाने आहेत. ती रीत आपण डोळे मिटून मोटारीला लावली. मोटारीचं गणित निराळं. ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळायचं नाकारते, सरळ जाऊ पाहते. आपण घाबरून पाय काढतो, वेग कमी होतो आणि बहुधा पकड परत येते. मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि पाय काढला की आणखीच फिरते, कारण भार पुढे जाऊन मागची चाकं अजून हलकी होतात. घाटात मी नेमकं तेच केलं होतं. शर्यतीत गाडी चालवणारा कदाचित सावरू शकेल. मंडईत भाजी आणायला जाणारा नाही. म्हणून दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, असं टायर बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात, गाडी कुठल्याही चाकांवर चालणारी असो.

मग पुढचे टायर मागे टाकायचे हे बदलीचं तत्त्व आणि चांगले टायर मागे हवेत हा नियम, यांचं जमायचं कसं? हाच प्रश्न मी त्या स्टुलावर बसून विचारला. उत्तर सोपं निघालं. बदली वेळेवर करायची. आठ-दहा हजार किलोमीटरला केली तर पुढच्या-मागच्या नक्षीतला फरक मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा असतो, आणि तेवढ्याने घाटात काही बिघडत नाही. मी अठ्ठावीस हजारांनंतर, एक टायर संपल्यावर, बदली केली. ती बदली नव्हतीच. ग्रामीण शाखेत काम केलेल्यांना ‘नवं-जुनं करणं’ ठाऊक असेल. शेतकऱ्याचं पीककर्ज थकलेलं असतं; मार्चअखेर कुठून तरी दोन दिवसांपुरते पैसे आणून तो जुनं खातं भरतो, आणि लगेच नवं कर्ज काढून ते पैसे परत करतो. कागदावर खातं स्वच्छ होतं. विहिरीला पाणी लागलेलं नसतं, भाव पडलेला असतो, काही बदललेलं नसतं. अशी किती खाती मी स्वतःच्या सहीने नवी-जुनी केली त्याची गणती नाही, आणि त्यातल्या काहींचं पुढे काय झालं ते माझ्या एका कादंबरीत आलेलं आहे. कुंभार्लीत मी टायरांचं नवं-जुनं केलं होतं. आतली कड खाणारं बिघडलेलं अलाइनमेंट जसंच्या तसं होतं. फक्त संपलेला टायर दिसणार नाही अशा जागी सरकवला होता.

तो चिपळूणचा दुकानदार आणखी एक गोष्ट बोलून गेला, जी मला सुचलीच नव्हती. डावं चाक काढून उजवीकडे लावलं, तरी टायरची आतली कड आतच राहते. चाकाची बाहेरची बाजू बाहेरच असते ना! तेव्हा नुसती बाजू बदलून कडेची झीज वाटली जात नाही. त्यासाठी टायर रिमवरून उतरवून उलटा बसवावा लागेल, आणि ते सगळ्याच टायरांना चालत नाही. म्हणून आधी खाणाऱ्याला पकडायचं: हवा, अलाइनमेंट, शॉकअप. मग बदली.

घरी आल्यावर मी माझ्या सवयीने ताळेबंद मांडला. समजा, पुढे ठेवलेला टायर तीस हजार किलोमीटर चालतो आणि मागे ठेवलेला साठ हजार. अजिबात बदली केली नाही, तर साठ हजार किलोमीटरांत पुढे दोनदा जोडी लागेल, मागे एकदा. एकूण टायर सहा. आता नियमाने बदली केली तर चारही टायर सारखे झिजून चाळीस हजारांना एकदम संपतील. चाळीस हजाराला चार, म्हणजे साठ हजाराला किती? सहाच! मी तीनदा गणित केलं. बदली केल्याने रबर वाचत नाही. ‘टायरचं आयुष्य वाढतं’ असं जो तो सांगतो ते जसंच्या तसं खरं नाही. माझा जरा हिरमोडच झाला.

पण पुढे लक्षात आलं की हे गणित सरळ, सारख्या झिजेचं आहे. टायर सरासरीने निकाली निघत नाही, त्याच्या सर्वांत वाईट कडेने निघतो. माझ्या टायरच्या मधल्या खाचेत दोन मिलिमीटर नक्षी शिल्लक होती आणि आतली कड शून्य. ते दोन मिलिमीटर फुकट गेले. वेळेवर बदली केली की एकाच जागची खोड एकाच टायरच्या अंगात मुरत नाही. आणि दर वेळी चाक काढलं की आतली बाजू दिसते. मला तर खरा फायदा हाच वाटतो. चौघेही एकदम निवृत्त होतात, चारही नवे एका जातीचे, एका वयाचे येतात, हा आणखी एक. आमच्यासारख्या कमी फिरणाऱ्यांचा तिसरा: मागचे टायर नक्षी शाबूत असतानाच म्हातारे होतात. रबर उन्हाने, हवेने, नुसत्या वयाने कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर चार आकडे एका लंबगोलात छापलेले असतात; २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. दुकानात ‘नवा’ म्हणून दिलेला टायर किती नवा आहे ते तिथे कळतं. माझ्या मित्राने हे आकडे किंमत समजून घासाघीस सुरू केली होती, ते असो.

कायद्याचं म्हणाल तर मोटारीच्या टायरची नक्षी आपल्याकडे किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकी-तीनचाकीला ०.८. नवा टायर साधारण सात-आठ मिलिमीटरचा असतो. खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे बारके उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. हे पाहायला मेस्त्री लागत नाही. पण १.६ ही शेवटची रेघ झाली. नक्षीच्या खाचा असतात त्या पाणी बाहेर फेकायला. कोरड्या रस्त्यावर झिजलेला टायरसुद्धा बरा चालतो आणि म्हणूनच तो फसवतो. कोकणच्या पावसात उतरायचं असेल तर तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर घेऊन जाऊ नये, असं जाणकार सांगतात. माझ्या टायरच्या मधल्या खाचा मोजल्या असत्या तर मी कायद्याने निर्दोष सुटलो असतो.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला, तेव्हा टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या रोज येऊ लागल्या. पुढच्या वर्षी परिवहन खात्याने प्रवेशाच्या नाक्यांवर टायर तपासायला सुरुवात केली. तिथेही मूळ दुखणं बहुतेक वेळा हेच: जुना टायर, कमी हवा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो-फुगतो आणि तापत जातो; गावातल्या पाच किलोमीटरला ते कळत नाही, सरळ सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास शंभर-एकशेवीसने पळवला की कळतं. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, आणि ती गार टायरमध्ये, सकाळी निघताना मोजायची. ‘सगळ्यात तीस टाक’ हा पंपावरचा मंत्र विसरावा. बदलीनंतर तर हवा पुन्हा मोजायलाच हवी, कारण पुष्कळ गाड्यांत पुढे-मागे वेगळी असते. नट आवळतानाही एकापाठोपाठ एक नाही, समोरासमोरचे आवळायचे. आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालली की पाना लावून पुन्हा एकदा पाहायचे.

स्टेपनीचं काय, असं कुणी विचारील. हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय हे सांगितलं तर मेस्त्री हसतो. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली. पद्मिनीच्या, अँबॅसिडरच्या काळात स्टेपनी हा पाचवा पूर्ण भाऊ होता. पाचही टायर फिरवत ठेवायची पद्धत होती, आणि ती उत्तम होती. आता बऱ्याच गाड्यांत स्टेपनी मापाने लहान येते, तिच्यावर वेगमर्यादा लिहिलेली असते. तिला या फेरबदलात घेता येत नाही. २०२० च्या जुलैत तर सरकारने नियमच बदलला: हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं सामान गाडीत असेल, तर लहान गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. ज्यांच्याकडे ती पूर्ण मापाची आहे त्यांनी तिला पाच-सहा वर्षं डिकीत झोपवून ठेवू नये. आमची स्टेपनी त्या दिवशी काढून पाहिली तर हवा निम्मी.

आणि झिजलेलं रबर जातं कुठे? हा नातीचा प्रश्न. सात मिलिमीटरचे दोन झाले, तर पाच मिलिमीटर गेले कुठे? मी ‘रस्त्यावर’ म्हणालो, तर ती म्हणाली, ‘मग रस्त्यावरून?’ रबराला टिकाऊपणा यावा म्हणून त्यात काजळी मिसळतात, टायर काळा दिसतो तो तिच्यामुळे. शिवाय उन्हा-हवेने ते चिरू नये म्हणून इतर रसायनं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सामन जातीचे मासे पावसाळी पाण्यात का मरतात याचा शोध घेत संशोधक २०२० साली अशाच एका रसायनापाशी पोचले. टायरचा भुगा पावसाने वाहून ओढ्यात जातो, तिथे मासा मरतो. हे वाचल्यापासून घाटात रस्ता ओलांडून वाहणारं पाणी पाहिलं की मला ते वाशिष्ठीपर्यंत दिसतं.

त्या दिवशी चिपळुणात दोन नवे टायर घेतले आणि मागे बसवले. अलाइनमेंट करून घेतलं. डावं पुढचं चाक कललेलं निघालं, कुठल्या खड्ड्यात ते देव जाणे. हिच्या बहिणीकडे पोचायला रात्रीचे नऊ वाजले. जेवताना ही पहिल्यांदा त्या विषयावर बोलली. ‘आठ हजार वाचवत होते,’ एवढंच.

आता माझ्याकडे टायरांची वही आहे. चार खाती, प्रत्येकाला तीन रकाने: आतली कड, मध्य, बाहेरची कड. खोली मोजायची एक छोटी पट्टी मिळते, फारशी महाग नाही. मोजायचं काम नातीकडे, नोंद आणि सही माझी. बदली आठ हजारांना किंवा वर्षाला, जे आधी येईल ते, आणि पावसाळ्याच्या आत. परवा रविवारी ती सुट्टीवर आली तेव्हा आम्ही मोजणी केली. तीन खाती जुळली. उजव्या मागच्या टायरची बाहेरची कड मात्र अर्ध्या मिलिमीटरने जास्त गेलेली निघाली. तिने दोनदा मोजलं, मग हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, उलट फिरवलं की टोचतंय. मीही हात लावला, टोचत होतं. तेव्हा बदली तूर्त स्थगित ठेवली आहे. आधी अलाइनमेंटवाल्याकडे जायचं, त्याने उद्या सकाळी दहाची वेळ दिली आहे.